कळशीचं पाणी आणि कोळंबी

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की घरात कुणालाही पाणी द्यायचं ते तांब्याच्या कळशीतलंच. तेव्हाची ही गोष्ट.

आमच्याकडे काचेच्या टाकीत खारं पाणी होतं आणि त्यात एक लाल कोळंबी राहायची. यंत्रातून गाळलेल्या पाण्यात मीठ मोजून कालवायचं, ते प्लास्टिकच्या बादलीत ठेवायचं आणि तेच टाकीत घालायचं, अशी रीत होती.

"बादले, तुझ्या बहिणी न्हाणीघरात असतात," कळशी म्हणाली. "आज माझं पाणी जाईल. माझ्याइतकं शुद्ध दुसरं कोण?"

"ताई, एकदा कोळंबीला विचारा तरी."

"शुद्ध पाण्याला विचारायचं काय त्यात?"

मी कळशीतच मीठ कालवलं आणि हात जोडून पाणी टाकीत ओतलं. दुपारी पाहते तर कोळंबी आडवी पडलेली.

"ताई, तुमचं तांबं पाण्यात उतरलं," ती कशीबशी म्हणाली. "आम्हाला ते विष."

"माझं पाणी, विष?" कळशी सुन्न झाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे?" बादली हळूच म्हणाली. मी कोळंबीला अलगद बादलीतल्या पाण्यात सोडलं.

संध्याकाळी कोळंबीच्या मिशा हलल्या. कळशी पुढे वाकली. "आता कसं वाटतंय गं तुला?" तिने विचारलं.

बायांनो, कुणासाठी काही पवित्र म्हणून न्याल, तेव्हा तुम्हीही आधी त्याला विचारा, हे चालेल का.