तळ्याचा समुद्र

फार जुनी गोष्ट आहे. राज्याची सीमा तेव्हा घोडा दमेल तिथे संपे. अशाच एका अफाट राज्यात नियम होता: दर अमावस्येला प्रत्येक घराने मोठ्या तळ्यात ओंजळभर मीठ टाकायचं, आणि का ते विचारायचं नाही.

राज्यात कशाची वानवा नव्हती. उत्तरेला बर्फाचे डोंगर, मधे नजर पोचेल तिथवर गवताळ माळ, दक्षिणेला मिठाच्या टेकड्या, जमिनीच्या पोटात तांबं. नव्हता तो फक्त समुद्र. चारही बाजूंना दुसऱ्यांची जमीन. नद्या डोंगरातून उतरत आणि त्या एका गोड्या तळ्यात येऊन थांबत.

शेजारच्या राज्याला मात्र समुद्र होता. तिथले व्यापारी येत, गलबतांच्या आणि मोत्यांच्या गोष्टी सांगत, आणि इथल्या म्हाताऱ्यांच्या पोटात दुखू लागे. कुणा पणजोबांनी म्हटलं होतं, "त्यांचं पाणी खारट, म्हणून तो समुद्र. आपलंही खारट करू. मग बघू त्यांची मिजास!" पुढच्या पिढ्यांनी ते मुकाट पाळलं.

एका मेंढपाळाची लेकही याच मत्सरावर वाढली. तिकडून येणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या गळ्यातली शिंपल्यांची माळ पाहून तिचा जळफळाट होई. मीठ टाकताना ती दातओठ खाऊन पुटपुटे, "हो ना रे बाबा एकदाचा समुद्र!"

आणि एका वर्षी तळं खरंच खारट झालं. बदकं उडून गेली. काठचं गवत करपलं. तिच्या मेंढ्या पाण्याला तोंड लावत आणि मान फिरवत. आधी कोकरं मेली, मग आयाही पाय दुमडून बसू लागल्या.

त्याच दिवसांत व्यापाऱ्याची मुलगी आली. तहानेने घसा सुकलेला. तिने पाण्याचा घोट घेतला आणि थुंकला.

"अगं, हे काय करून ठेवलंत?"

"समुद्र," मेंढपाळाची लेक तोऱ्यात म्हणाली. "तुमच्यापेक्षा आम्ही काही कमी नाही."

"समुद्र पिता येतो का, वेडे? आम्ही पावसाचं पाणी रांजणात जपून पितो. तुमच्या या गोड्या तळ्यावरून माझी आई जन्मभर जळत राहिली!"

लेकीचा तोरा तिथेच गळाला.

अमावस्या आली. लेकीचं सारं गाव तळ्याकाठी जमलं.

"टाक गं पोरी, खोळंबा नको," गावातला सर्वांत वडील म्हातारा म्हणाला.

"नाही टाकणार."

"का नाही?"

"हेच तर विचारायचं नसतं ना, आजोबा? मग आज मीच विचारते. का टाकायचं?"

"जीभ आवर! पणजोबांपेक्षा शहाणी झालीस?"

"पणजोबा गोडं पाणी पिऊन जगले. खारट करून ठेवलं ते आमच्यासाठी. माझी कोकरं मेली, आजोबा. आता कुणाची पाळी?"

तिने ओंजळीतलं मीठ पुन्हा पिशवीत ओतलं, पिशवीचं तोंड आवळून बांधलं आणि ती तळ्याकडे पाठ करून उभी राहिली.

म्हाताऱ्यांच्या ओंजळी भरलेल्या होत्या. एकही तळ्यात रिती झाली नाही.

बोध: दुसऱ्याच्या खाऱ्या पाण्याचा हेवा करणारा आपलं गोडं पाणी आपल्याच हाताने नासवतो.