दोन बोटं कललेली भिंत

अवजारं अजून माणसाच्या हाताला लागली नव्हती, आपली कामं आपणच करत होती, तेव्हाची ही गोष्ट. त्यांनी धर्मशाळा बांधायला घेतली. पायाभरणीच्या दिवशी सगळ्यांनी, दोरीला लोंबून भिंत सरळ आहे का ते सांगणाऱ्या ओळंब्याला हळदकुंकू लावलं, पुढारी केलं आणि मानानं खुंटीवर टांगलं.

आठव्या दिवशी खुंटीवरूनच ओळंब्याला दिसलं, की भिंत कलली आहे. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लाज नाही वाटत?" तो कडाडला. "उद्या ही भिंत एखाद्या वाटसरूच्या डोक्यात पडेल! विटांनो, तुम्ही वाकड्या बसलात. थापीबाई, तुम्ही चुना कसाबसा फासलात. सगळे एकजात कामचुकार!"

विटांनी माना खाली घातल्या. थापी मात्र चुन्यानं माखलेली तशीच पुढे आली.

"ओळंबेराव, रोज सकाळी खुंटीखाली येऊन मी हाक मारत होते. 'खाली या, थर तपासा,' म्हणत होते. तुम्ही काय सांगत होतात?"

ओळंब्याला आठवलं. "कुंकू पुसलं जाईल," असं तो सांगत होता. आठही दिवस.

राग होता तेवढाच होता, पण आता तो दुसऱ्या कुणावर काढता येईना. ओळंबा खाली उतरला आणि भिंतीला लागला. माथ्याशी दोरी टेकली, पायाशी दोन बोटं फट राहिली.

"ही दोन बोटं माझी," तो म्हणाला. "पाडा भिंत. आणि विटांना कुणी बोलायचं नाही."

नवा पहिला थर बसेपर्यंत तो चुन्यानं इतका बरबटला, की कुंकू नेमकं कुठे लावलं होतं, ते कुणालाच सांगता येईना.