पालीची साक्ष

वीज कचेरीला आकडा आपणच कळवणारे बोलके वीजमीटर घरोघरी बसू लागले, त्या काळातली गोष्ट. द्वारकाकाकूंच्या जिन्याखाली एक पाल राहायची. मीटरची ऊब आपल्याच कोपऱ्यात यावी, असं तिच्या फार मनात होतं.

"इथं सिग्नल मिळेल बहुतेक," म्हणत वायरमन तपासायचं यंत्र काढू लागला. पाल लगेच चुकचुकली.

"बघा, पाल चुकचुकली, म्हणजे खरंच!" काकू म्हणाल्या. यंत्र पिशवीतच राहिलं आणि मीटर जिन्याखाली बसला.

महिनाभर मीटर ओरडला, पण वीज कचेरीला काही ऐकू गेलं नाही. शेवटी वायरमनने यंत्र लावलं. सिग्नल शून्य! मीटर उचलून त्याने बाहेरच्या भिंतीवर लावला.

"काकू, तुमची पाल पक्की खोटारडी आहे!"

सवयीनं पाल चुकचुकली.