सहापासून आठापर्यंत

आमच्या पेठेत व्यापारी मंडळाच्या दादासाहेब खळदकरांना विचारल्याशिवाय साधी पाटी लागत नाही. त्यांच्या पुतण्याची पिठाची गिरणी आहे, म्हणून त्यांनी आमच्या नव्या गिरणीची पाटी उतरवली आणि ह्यांना बजावलं, "पेठेत जाहिरात चालणार नाही. एक शब्दसुद्धा!" दळण कुणी आणेना. आणखी महिनाभर असंच गेलं असतं, तर गिरणी विकावी लागली असती.

चैत्रात खळदकरांकडे हळदीकुंकू होतं. मी पन्ह्याचा पेला धरून कोपऱ्यात बसले होते. लग्नाला दोनच महिने झालेले. नव्या सुनेला बोलायची सवलत नसते, उखाण्याची मात्र सक्ती असते. दारातल्या खुर्चीवरून दादासाहेबच गरजले, "मुकुंदाची बायको गप्प का? नाव घ्या! मोठ्यानं!"

मी पदर सावरून उठले.

"खमंग भाजणीचा वास गेला नदीच्या काठापर्यंत,
मुकुंदरावांची गिरणी उघडी सहापासून आठापर्यंत."

चाळीस बायका खळखळून हसल्या. दोघी-तिघी तर तिथंच पाठ करू लागल्या.

"ही जाहिरात झाली!" दादासाहेब ताडकन उठले.

"नाही हो, नवऱ्याचं नाव घेतलं," मी खाली बघत म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत ना? पेठेत सुनांनी नाव घ्यायचं नसेल, तर तसं सगळ्यांना सांगा. मीही पाळीन."

दादासाहेबांनी चाळीस बायकांकडे पाहिलं आणि ते खाली बसले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी डाळीचं पातेलं घेऊन आतून आल्या. "अगं, स्वयंपाकघरात नीट ऐकू आलं नाही. परत घे बरं. आणि वेळ जरा सावकाश सांग."