मुक्कामाचं पाणी

एक होती राणी. तिचं नाव केतकी. कुशीवर वळा बघू आधी, पांघरूण ओढा, मग सांगते.

तर केतकी राणी रांजणपूरची. रांजणपूर म्हणजे केवढं नगर, बरं का. माडीवर माडी, पेठेला लागून पेठ. आणि वेशीबाहेर एक मोठं तळं. त्याला तळं कुणी म्हणायचं नाही, सगळे तळीमाय म्हणायचे. केतकी परकरी पोर होती, तेव्हा पहाटे आईबरोबर घाटावर जायची. त्या काळी राणीसुद्धा आपलं पाणी आपणच भरायची. आईच्या डोक्यावर हंडा, हिच्या कमरेवर इवलीशी कळशी. पायरीवर पाय सोडून बसली, की तळीमाय हाक मारायची, "आलीस का गं केतके?" आणि तळव्यांना गुदगुल्या करायची.

मग काय झालं, केतकीच्या वडिलांनी मायेपोटी नगरात खापराचे नळ घातले. बायकांच्या माना अवघडतात, म्हणाले. रोज सकाळी शंख वाजायचा, की घरोघर पाणी हजर. घाटावर जायचं कारणच उरलं नाही. पायऱ्यांवर शेवाळ धरलं. केतकी मोठी झाली, राणी झाली, आणि ती हाक ऐकायची राहून गेली ती गेलीच.

एकदा उन्हाळ्यात तळ्याचा रखवालदार धावत आला. म्हणाला, "राणीसाहेब, पाऊस तर चांगला झाला होता, तरी पाणी तळाला गेलंय. असंच चाललं तर पौर्णिमेला शंख वाजेल, पण नळाला थेंब यायचा नाही." राणीला काळजी पडली. एवढी माणसं, लेकरंबाळं, गुरंढोरं, जाणार कुठे?

मग राणीने दवंडी पिटवली, पाणी जपून वापरा हो. रांजणपूरची माणसं मोठी ऐकणारी. भांडी थोडक्या पाण्यात घासली, अंघोळी उरकत्या घेतल्या. रात्री घरोघर हंडे भरलेलेच राहिले. आणि तळं? ते आणखी खाली गेलं.

मग राणीने पाणी निम्माच वेळ सोडलं. लोक घाबरले. हंडे भरले, कळशा भरल्या, पराती भरल्या. एका आजोबांनी तर पानाचा डबा रिकामा करून तोही भरून ठेवला. हसता काय, खरंच. आणि तळं? ते आणखी खाली गेलं.

मग राणी पहाटे एकटीच घाटावर गेली. शेवाळावरून जपून जपून अगदी शेवटच्या पायरीपर्यंत उतरली. तिथे पाणी उरलं होतं डबक्याएवढं. "तळीमाय, मी केतकी," ती म्हणाली. पाणी बोलेना. राणीला आई आठवली, ती कळशी आठवली, आणि ती पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडली.

तेव्हा कुठे बारीक आवाज आला. "रडू नकोस. पण मी चालले बाई. पौर्णिमेला निघणार. जिथे मला शिळी म्हणत नाहीत तिथे जाईन."

"तुला शिळी कोण म्हणालं?"

"शंख वाजू दे. मग ऐक."

शंख वाजला. आणि नगरातून एकच आवाज आला, भस्सकन. घरोघर बायका कालचं पाणी मोरीत ओतत होत्या. "शिळं झालं गं ते, ओत, ताजं भर." सगळ्यात मोठा आवाज आला राजवाड्यातून. दासींनी राणीचे गळ्यापर्यंत भरलेले रांजण उपडे केले होते. तेव्हा राणीच्या डोक्यात उजेड पडला. लोक जितकं वाचवत होते, जितकं साठवत होते, तितकंच सकाळी मोरीत जात होतं.

तळीमाय म्हणाली, "तुझ्या पणजीच्या वेळचं पाणी आहे माझ्यात, केतके. तू ओंजळीने प्यायलीस, तेव्हा ते शिळं नव्हतं. तुझ्या रांजणात एक रात्र राहिलं आणि शिळं झालं?"

राणीने पाण्यावर हात ठेवला. एवढंच म्हणाली, "पौर्णिमेपर्यंत थांब."

मग राणीने काय केलं? दंड लावला? नाही. शिपाई नेमले? तेही नाही. दुसऱ्या दिवशी शंख वाजायच्या आधी ती अनवाणी पेठेत गेली आणि पहिल्याच दारात उभी राहिली. "काकू, पाणी देता का प्यायला?"

काकू गडबडली. "थांबा राणीसाहेब, आत्ता शंख वाजेल, ताजं देते. हे शिळं आहे."

"शिळं भाताला म्हणावं, काकू. हे तर काल तुमच्याकडे मुक्कामाला राहिलंय. मुक्कामाच्या पाहुण्याला सकाळी मोरीत ढकलतं का कुणी?" असं म्हणून राणी तांब्याभर पाणी गटागटा प्यायली. तेवढ्यात शंख वाजला. काकूचा हात सवयीने हंड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. राणीच्या देखत ओतणार कसं? मग तिने हंडा जेवढा रिकामा होता तेवढाच भरला आणि नळ बंद केला.

राणी दुसऱ्या घरी गेली, तिसऱ्या घरी गेली. पण बातमी तिच्याही पुढे धावली, बरं का. पेठेच्या टोकाला पोचते तो बायका दारात तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन उभ्या. "आमच्याकडचंही मुक्कामाचं पिऊन जा, राणीसाहेब." राणीचं पोट टम्म झालं, पण तिने नाही म्हटलं नाही. रोज जायची. राजवाड्यातले रांजणही आता कुणी उपडे करेना.

पौर्णिमा आली. पहाटे राणी घाटावर गेली. तळाच्या झऱ्यांना उसंत मिळाली होती, शेवटची पायरी पाण्याखाली गेली होती. राणीने पाय सोडले. सगळं गप्प. गेली वाटतं तळीमाय, असं वाटून तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात तळव्यांना गुदगुल्या झाल्या.

"आलीस का गं केतके?"

मग तळीमाय राहिली, राणी राहिली, आणि रांजणपूर सुखाने नांदलं. माझी आई सकाळी माठाचं झाकण काढून आत बघायची आणि म्हणायची, "राहिलात का मुक्कामाला? बरं झालं." आता तसं कुणी म्हणत नाही. मला फार आठवण येते त्याची. तुमच्या उशाशी तांब्या ठेवलाय, तो सकाळी ओतू नका. आज त्याचा इथेच मुक्काम, आणि तुमचाही. मिटा डोळे.