काशाचा ओतारी

एका राज्यात, जिथले पक्षी माणसांसारखे बोलत आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नसे, चंद्रकेत नावाचा राजा होता. शूर होता हो, पण भारी उतावळा!

त्याने म्हाळोजी ओताऱ्याकडून काशाची महाघंटा ओतवली. म्हाळोजी म्हणाला, "महाराज, साचा सात दिवस निवू द्या." तिसऱ्याच दिवशी पाहुणे राजे आले. राजाने हुकूम सोडला, "फोडा साचा!" साचा फोडला, तर घंटेला वरपासून खालपर्यंत तडा! पाहुण्यांदेखत राजाचं तोंड उतरलं. आणि तो बोलला काय? "या ओताऱ्याने धातूत भेसळ केली!"

अरे देवा! शब्द संपतो न संपतो तोच म्हाळोजीचे पाय काशाचे झाले. म्हाळोजीच्या हाताखालच्या सत्तर कारागिरांनी हातोडे खाली ठेवले, आणि राजाशी कुणी बोलेना. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं.

तडकलेल्या घंटेवर एक धनेश पक्षी येऊन बसला. म्हणाला, "राजा, खोटा आळ या घंटेला सोसत नाही. म्हाळोजीला सोडवायचं तर तीन गोष्टी हव्यात. नागाच्या गुहेतलं तांबं आण. राक्षसाच्या विहिरीतलं कथील आण. तिसरं मग सांगेन."

राजा गेला, नागाशी झुंजला, तांबं घेऊन आला. पाहतो तो काय, म्हाळोजी कमरेपर्यंत काशाचा! पुन्हा गेला, राक्षसाला लोळवून कथील आणलं. म्हाळोजी गळ्यापर्यंत काशाचा! राजा धनेशाकडे धावला.

"तिसरं काय? लवकर सांग!"

"खरं बोल. या सत्तर जणांसमोर."

"माझ्या वतीने प्रधानजी बोलतील."

"खोटं प्रधानजी बोलले होते का?"

नागापुढे न डगमगलेल्या राजाला हे मात्र जड गेलं. मुकुट काढून तो म्हाळोजीसमोर उभा राहिला. "भेसळ नव्हती. साचा मीच फोडायला लावला. लाज वाटली, म्हणून सगळं याच्यावर ढकललं."

म्हाळोजीचं अंग पुन्हा हाडामांसाचं झालं. राजाला वाटलं, आता हा शिव्याशाप देणार. म्हाळोजीने एवढंच विचारलं, "महाराज, पुढच्या वेळी थांबा म्हटलं, तर थांबाल?"

"थांबेन."

जुनी घंटा वितळवली, त्यात ते तांबं आणि कथील घातलं, नवी ओतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहुणे दारात हजर! राजाने त्यांना साच्यापाशी बसवलं. म्हणाला, "म्हाळोजी सांगेल तेव्हा."

सातव्या दिवशी म्हाळोजीने सांगितलं. घंटा वाजली, धनेश उडून गेला, आणि सत्तर हातोडे पुन्हा कामाला लागले.