आबासाहेबांचा थांबा

"पण नाना, कंबर फिरतच नसेल तर बॉल जाणार कसा? ते सांगा आधी."

नाना तंबाखू मळत होता, ती मळत राहिला.

"नाना, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतोय की, धाकले साहेब. कान चांगलं हायती अजून."

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय. मी या गोल्फ मैदानाचा माळी. सोमवार होता. सोमवारी मेंबरलोकांना मैदान बंद, म्हणून आम्ही गवताला पाणी देतो. पाइप धरून मी दहा हातांवर उभा होतो आणि खरं सांगायचं तर पाणी बराच वेळ एकाच जागी चाललं होतं.

नाना म्हणजे हिंदुराव पोवार. पन्नास वर्षं इथला कॅडी. साहेबलोकांच्या पिशव्या वाहिल्या, हरवलेले बॉल शोधले. आता पिशवी उचलत नाही, पण भले भले मेंबर अडले की गुपचूप त्याच्याकडेच येतात. तो शिकवतो म्हणावं, तर शिकवत काहीच नाही. नुसता बघत बसतो.

आणि समोर संग्राम इंगवले, मैदान बंद असलं तरी यांना कोण अडवणार! सात वेळा इथले चॅम्पियन, मान कायम ताठ. गेल्या दिवाळीत घाटात त्यांची जीप उलटली. डाव्या खुब्यात पट्टी आणि सहा स्क्रू बसले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, चालाल, खेळाल, पण हा खुबा आता एवढाच फिरणार.

एवढाच म्हणजे किती, ते संग्रामरावांना मान्यच नव्हतं.

रविवारी आबासाहेबांच्या ढालीची मॅच होती. आबासाहेब म्हणजे यांचे वडील, जाऊन नऊ वर्षं झाली. त्या मॅचचा पहिला बॉल मुलानं मारायचा असा रिवाज आहे. आणि मारायचा तोही आबासाहेबांच्याच पद्धतीनं. काठी पार वर न्यायची, वर गेली की क्षणभर थांबवायची... आणि मग खाली. गोल्फच्या दांडीला आम्ही कॅडी-माळी काठीच म्हणतो. तर तो क्षणभराचा थांबा बघायला लोक श्वास धरून उभे राहायचे. इंगवल्यांचा थांबा म्हणून या मैदानावर तो प्रसिद्ध आहे. संग्रामरावांनी पोरवयातच तो हुबेहूब उचलला होता.

त्या दिवशी आईसाहेब निलगिरीच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतात. तो एक बॉल बघतात, पदरानं डोळे टिपतात आणि घरी जातात. बाकीचा गोल्फ त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांचा उद्योग.

"आई रविवारी येणार आहे," संग्रामराव म्हणाले. "तिला आबा दिसले पाहिजेत. दुसरं काही मला नको."

"मारा एक," नाना म्हणाला.

मारला. काठी वर गेली, थांबली. मला सुद्धा क्षणभर आबासाहेब दिसले, खोटं कशाला बोलू? पण खाली येताना खुबा अडला, अंग वाकडंतिकडं झालं आणि बॉल गेला घाणेरीच्या झुडपात.

"आणखी एक."

तोही घाणेरीत.

असे अकरा झाले. दर वेळी खुब्यावर हात दाबायचा, दात आवळायचे आणि पुन्हा उभं राहायचं. जिद्दीला तोड नव्हती हो माणसाच्या. बघून मलाच कळ यायला लागली.

"रोज दोनशे मारीन," ते म्हणाले. "फिरत कसा नाही बघतो. माझंच अंग आहे, ऐकेल नाही तर जाईल कुठं?"

नाना उठला. त्याचा गुडघा कटकन वाजला. कॅडींच्या खोलीत गेला आणि एक काठी घेऊन आला. सात नंबरची, जुनी, मुठीचं कातडं उडालेलं. आणि दांडी मधोमध वाकलेली.

आमचा इथला एक सोमवारचा खेळ आहे. मेंबरांनी टाकून दिलेल्या मोडक्या काठ्या कॅडी जपून ठेवतात. सोमवारी चिठ्ठ्या टाकायच्या, जिच्यावर नाव येईल ती काठी घ्यायची. कुरकुर करायची नाही आणि काठी सरळ करायची नाही. त्याच काठीनं नऊ होल खेळायचे. नानाच्या हातात होती ती सगळ्यांत वंगाळ. तिच्यावर नाव आलं की पोरं कपाळाला हात लावतात.

"हिनं मारा," नाना म्हणाला.

संग्रामराव हसले. "ही? कुठल्या अनाड्यानं वाकवली ही?"

नानानं तोंडात तंबाखू टाकली. झालं उत्तर.

संग्रामरावांनी काठी जमिनीवर टेकवली आणि बुटानं दाबून सरळ करायला गेले. नाना खाकरला.

"सोमवार हाय, साहेब."

त्यांनी पाय काढला.

पहिला बॉल उजवीकडे सुटला तो माझ्या कानावरून. मी "अगागा!" म्हणून खाली बसलो. दुसरा जमिनीतच रुतला. तिसरा घाणेरीत, तिकडे तर आता वसाहतच झाली होती बॉलांची. नाना काही सांगेना आणि संग्रामराव काही विचारेनात. पण हट्टी माणूस तो. आठ-दहा बॉल झाल्यावर थांबले. काठी डोळ्यांसमोर धरून बाक नीट बघितला. दोन बोटांवर तोलून बघितली. मग बॉलच्या जवळ सरकले. डाव्या पायाचा चवडा जरा बाहेर वळवला. काठी अर्धीच वर नेली, कारण त्याच्यावर नेली की ती हातात फिरत होती.

टक्.

बॉल सरळ गेला. लांब नाही, पण सुतासारखा सरळ.

"हां!" संग्रामराव ओरडले. "कळली. बाई जरा तिरसट आहे, पण कळली!"

पुढचे पाच तसेच गेले. ऊन चढलं होतं, घाम गळत होता आणि माणूस लहान पोरागत खूश होता. एक गोष्ट मात्र मी बघितली. त्या पाचांत एकदाही त्यांचा हात खुब्याकडे गेला नाही. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. नानाच्या होतं, कारण त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी पटकन पाइपाकडे बघितलं.

"बास," नाना म्हणाला. "आता आपली घ्या."

संग्रामरावांनी आपली चकचकीत काठी घेतली. पाय जुन्यासारखे लावले. काठी पार वर नेली, थांबवली... आणि खाली येताना "आई गं!" म्हणून एका गुडघ्यावर बसले. बॉल जागच्या जागी.

मी धावलो. नाना जागचा हलला नाही.

संग्रामरावांनी मला हातानंच मागं सारलं. तोंड लाल झालेलं.

"वाकड्या काठीची गोष्ट वेगळी, नाना! तुम्ही मला काय सांगताय ते कळत नाही असं समजू नका. आखूड मार, पाय वळव, आहे त्यात भागव. पण माझा स्विंग आबांचा आहे. त्यांच्या मागं माझ्याकडे तेवढंच राहिलंय. तो मी मोडणार नाही. खुबा मोडला तरी चालेल."

मला वाईट वाटलं. चार महिने हा माणूस पहाटे येऊन एकटा मारत होता, ते मी रोज बघत होतो.

नानानं तोंडातली तंबाखू थुंकली.

मग तो गवतात त्यांच्या शेजारी बसला. वाकडी काठी मांडीवर घेतली.

"मघाशी इचारलंसा, कुठल्या अनाड्यानं वाकवली."

"बरं मग?"

"आबासाहेबांनी."

संग्रामरावांनी मान वर केली.

"त्या निलगिरीवर हाणली. तुमी तवा आईसाहेबांच्या कडंवर. आबासाहेबांचा उजवा खांदा धरला हुता. हात वर जाईना. वरीसभर भांडले खांद्याशी. जुना स्विंग पायजे म्हंजे पायजे. रोज तीनशे बॉल मारायचे, म्या उचलून आणायचे. एक दिस राग आला अन् हाणली झाडावर. म्हणाले, टाकून दे हिंदुराव. म्या टाकली न्हाई."

"पण आबांचा स्विंग तर..."

"आधीचा तुमी कुठं बघितलाय? वीज हुती वीज. कवा वर गेली अन् कवा खाली आली, डोळ्याला दिसायचं न्हाई. थांबाबिंबा काय न्हवता त्यात."

संग्रामरावांचा चेहरा उतरला.

"थांबा... नव्हता?"

"हात वर गेला की खांदा अडायचा. सुटायची वाट बघाय लागायची. सुटला की खाली. एवढंच हुतं ते."

माझ्या हातातला पाइप कधी गळाला मला कळलं नाही. बूट भिजले तेव्हा कळलं. तीस वर्षं ज्या थांब्याला आम्ही सगळे हात जोडत होतो, तो म्हाताऱ्याचा दुखरा खांदा होता!

"आबा कधी बोलले नाहीत मला," संग्रामराव अगदी हळू म्हणाले.

"सगळं मैदान वाहवा कराय लागलं. मग सांगायचं कुणाला? मला ठाव, अन् आईसाहेबांस्नी. रोज सांजच्याला तेल त्याच चोळायच्या."

"म्हणजे मी लहानपणापासून... धडधाकट खांद्यानं..."

"व्हय."

"आणि तुम्ही बघत होता!"

"बॉल सरळ जात हुता की."

संग्रामराव हसायला लागले. हसता हसता डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत. वाकडी काठी नानाच्या मांडीवरून उचलली आणि दांडीच्या बाकावरून अंगठा फिरवत राहिले, एकदा, दोनदा...

मग हात टेकून उभे राहिले. वाकडी काठी नानाकडे दिली, स्वतःची घेतली, बॉलसमोर गेले आणि तिथंच थांबले. पाय कुठं ठेवायचे तेच सुचेना. सात वेळा चॅम्पियन झालेला माणूस पहिल्या दिवसासारखा उभा होता.

"रविवारी आई समोर बसणार, नाना. तिला काय दाखवू? मारू तरी कसा आता?"

नाना उठला. गुडघा पुन्हा वाजला. जवळ जाऊन त्यानं वाकड्या काठीच्या टोकानं संग्रामरावांच्या डाव्या बुटाचा चवडा हळूच बाहेर ढकलला, तीन बोटं.

पन्नास वर्षांत नाना कुठल्या मेंबराला एकेरी बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला.

"आबासाहेबांसारखा मार."